वाचक विचारतात : जुन्या गाडीच्या आतला गंज

बाहेरच्या पत्र्यावरचा गंज रंग फुगला की दिसतो. आतला गंज कार्पेटखाली, डोअर पॅडमागे आणि सीटच्या कापडाआड वर्षानुवर्षे निवांत वाढतो. या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच चूक वेगवेगळ्या रूपांत दिसली : भाग गाडीतच ठेवून त्यावर ॲसिड लावणे. ते का करू नये, हे उत्तरांमधून येईलच.

प्रश्न : ड्रायव्हरची सीट पुढे-मागे सरकत नाही. रेलवर गंज आहे. गंज सोडवणारे तेल फवारले की दोन दिवस सरकते, मग पुन्हा अडकते. सीट न काढता काही करता येईल का?

उत्तर : नाही. तेलाने गंज निघत नाही, फक्त भिजतो. भिजलेला गंज, धूळ आणि कार्पेटचे तंतू यांचा लगदा होतो आणि तो सुकला की आधीपेक्षा घट्ट बसतो.

सीट काढण्याआधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच गाड्यांत लिव्हर एका रेलवर असतो आणि दुसऱ्या रेलचे लॉक तारेने किंवा सळईने सुटते. ती तार सैल झाली की एक बाजू मोकळी आणि दुसरी अडकलेली राहते, आणि दोष गंजावर जातो. लिव्हर ओढून दोन्ही बाजूंचे खटके खाचेतून बाहेर येतात का, हे टॉर्चने पाहा.

सीट काढताना खरी अडचण अशी की पुढचे बोल्ट दिसायला सीट मागे जावी लागते आणि मागचे दिसायला पुढे. तेल मारून रात्रभर थांबा. मग लिव्हर ओढून धरा आणि रबरी हातोडीने दोन्ही रेलवर आळीपाळीने ठोके द्या. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर सीट तिरकी होऊन अधिकच अडकते. बोल्टचे टोक गाडीखाली उघडे असेल तर आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. गंजलेले आटे नटमधून ओढून काढले की नटही जातो.

रेल सुटी करताना खाली ताट ठेवा, कारण आतल्या गोळ्या किंवा रोलर घरंगळतात. किती निघाले ते मोजून लिहून ठेवा. जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढा, नंतर साबणाच्या पाण्याने. ग्रीस राहिले तर द्रावण धातूपर्यंत पोचतच नाही. मग एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पाणी ४० ते ५० अंश कोमट, आणि त्यात फक्त रेलचा पत्रा. गोळ्या कडक पोलादाच्या असतात. त्या ॲसिडमध्ये घालू नका, पुसून घ्या, खड्डे पडले असतील तर बदला. दर तासाला भाग बाहेर काढून ब्रश मारा. साधारण दोन ते सहा तासांत काम होते. रात्रभर विसरलात तर गंज संपल्यावर ॲसिड चांगले लोखंड खायला लागते.

बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा आणि लगेच हीट गनने सुकवा. ‘लगेच’ हा शब्द इथे महत्त्वाचा. उघडे ओले लोखंड काही मिनिटांत पिवळट होते. सुकल्यावर लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरे. जाड थर धूळ गोळा करतो.

रिव्हेटने जोडलेली, सुटी न होणारी रेल ॲसिडमध्ये बुडवू नका. दोन पत्र्यांमधल्या फटीत शिरलेले ॲसिड धुऊन निघत नाही. तिथे गंज विरघळवणारे, ॲसिड नसलेले तयार द्रावण वापरा. ते लोहाच्या अणूंना पकडून ठेवते आणि चांगल्या धातूला जवळजवळ हात लावत नाही. वेळ मात्र जास्त घेते, आणि थंडीत तर फारच.

लॉकच्या खाचा झिजल्या असतील किंवा रेलला तडा असेल तर वेल्डिंग करत बसू नका. जोरात ब्रेक लागला तर सीट आणि तिच्यावरचा माणूस दोघेही त्या खाचेच्या भरवशावर असतात. रेल बदला.

प्रश्न : ॲशट्रे, दाराची हँडल्स आणि काच फिरवायची हँडल्स एकत्र सायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवली. ॲशट्रे छान निघाली. हँडल्स काळी पडली आणि त्यांना खड्डे पडले. द्रावण जास्त कडक झाले का?

उत्तर : द्रावण नव्हे, धातू वेगळा होता. ॲशट्रे लोखंडी पत्र्याची. हँडल्स बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, वर तांबे-निकेल-क्रोमचा मुलामा. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. ॲसिड त्या छिद्रांतून आत गेले आणि खालचे जस्त विरघळवू लागले.

यापुढे कुठलाही भाग बुडवण्यापूर्वी त्याला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर ॲसिडपासून लांब ठेवा. दुसरी खूण रंगाची : लोखंडाचा गंज तांबूस-तपकिरी, जस्ताचा पांढरा आणि पिठूळ. चुंबक चिकटला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. ब्रॅकेट आणि स्क्रू लोखंडी असूनही त्यांवर जस्ताचा मुलामा असू शकतो. तो ॲसिडमध्ये पडताच जोरात बुडबुडे येतात आणि थोड्या वेळात मुलामा गेलेला असतो. फार जुन्या गाड्यांच्या काही नट-बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असतो. तो कोरडा घासू नका आणि तापवूही नका, कारण त्याची धूळ आणि धूर दोन्ही विषारी.

तुमच्या हँडल्सचे खड्डे पॉलिशने जाणार नाहीत. मुलामा उतरवून, खड्डे तांब्याने भरून पुन्हा निकेल-क्रोम करावे लागेल. खोल खड्डे असतील तर दुसरे जुने हँडल शोधणे सोपे.

ज्यांच्या क्रोमवर अजून नुसते तांबूस ठिपके आहेत, त्यांच्यासाठी : ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. करडा चिखल तयार होईल, तो पुसा, भाग सुकवा आणि मेण लावा. ठिपका गेला तरी छिद्र राहतेच, म्हणून मेण अधूनमधून परत लावावे लागते. मात्र आधी खात्री करा की ते खरे क्रोमच आहे. नंतरच्या काळातल्या गाड्यांत प्लास्टिकवर चढवलेली चकाकीही सापडते.

प्रश्न : लोखंडी डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, पुढच्या काचेलगत रंग फुगला आहे. घासून रंग मारला, पण सहा महिन्यांत पुन्हा फुगला.

उत्तर : दोन कारणे शक्य आहेत आणि बहुधा दोन्ही आहेत. काचेच्या बीडिंगमधून (काचेभोवतीच्या रबरी पट्टीतून) पाणी येत असणार, आणि पहिल्या वेळी खड्ड्यांतला गंज आतच राहिला असणार. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून त्यावर कितीही चांगला रंग मारा, तो खालून उचलला जातो. फुगा बीडिंगखाली जात असेल तर काच काढल्याशिवाय काम पूर्ण होणार नाही, हे आधीच मान्य करा.

सुरुवात बॅटरीची ऋण तार सोडून. मग मीटर काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. तापमानाच्या जुन्या मीटरला पातळ तांब्याची नळी जोडलेली असते, तिच्यात द्रव किंवा वायू कायमचा बंद केलेला असतो. ती नळी तुटली किंवा मुडपली तर मीटर गेले, साधी जोडून चालत नाही. ऑइल प्रेशरच्या मीटरची नळी सोडाल तर खाली फडके धरा, इंजिनचे तेल ठिबकेल.

हीटरच्या झरोक्यांची आणि रेडिओच्या जागेची तोंडे टेपने बंद करा. घासताना उडालेली लोखंडाची भुकटी आत जाऊन बसते, दमट हवेत गंजते आणि पुढे तपकिरी ठिपके होऊन नव्या रंगावर उमटते. ग्राइंडर तर आत चालवूच नका. ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग निघत नाहीत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पॉलिश पेपर ओला करून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून घासा.

फुगा खरवडून काढा. मग १२० नंबरच्या पेपरने चमकणारे लोखंड सगळ्या बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर दिसेपर्यंत बाहेर जा. त्यानंतर १८० आणि ३२०, म्हणजे रंगाची कड उतरती होते आणि नव्या रंगाखाली रेघ दिसत नाही. आता जे काळे ठिपके उरतात, तोच तुमचा सहा महिन्यांनी येणारा फुगा. तिथे फॉस्फोरिक ॲसिडची जेल कापसाच्या काडीने लावा, साधारण १५ मिनिटे ओली ठेवा, सुकू देऊ नका. ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. डॅशबोर्डच्या सपाट, उघड्या पत्र्यापुरती ही सवलत. जोडाजवळ किंवा दुमडलेल्या कडेला जेल नेऊ नका.

लगेच, निदान त्याच दिवशी, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पुसण्यात कसूर नको. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सीचा हार्डनर त्याच्याशी अडतो, प्रायमर मऊ राहतो आणि सालीसारखा निघतो. दोष प्रायमरच्या डब्याला दिला जातो. पुट्टी लावायची असेल तर इपॉक्सीवर, उघड्या लोखंडावर नाही, कारण पुट्टी ओलावा शोषते. आणि पत्रा हवेपेक्षा थंड असेल अशा दमट सकाळी रंग देऊ नका. दवबिंदूपेक्षा पत्रा किमान ३ अंश गरम हवा.

प्रश्न : कार्पेट उचलले तर खाली फ्लोअरवर गंजाचे पापुद्रे. कन्व्हर्टर (गंजाचा स्थिर थर बनवणारे द्रावण) लावून कार्पेट परत टाकले तर चालेल?

उत्तर : कार्पेट परत टाकण्याची घाई करू नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा, नाहीतर पुढचे सगळे काम वाया.

ओल कुठे आहे यावरून बरेच कळते. पुढच्या पायांजवळ साधे पाणी असेल तर काचेचे बीडिंग किंवा काचेखालच्या हवेच्या खोबणीचे बुजलेले निचऱ्याचे भोक. तिथेच गोडसर वासाचा चिकट ओलावा असेल तर हीटरची गळती, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव). पेडलच्या वरच्या बाजूला रंग मऊ होऊन सुटला असेल तर ब्रेकचा किंवा क्लचचा सिलिंडर गळतो आहे. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल रंग खाते आणि उघडे पडलेले लोखंड मग आपसूक गंजते. ही गळती दिसली की गंज बाजूला ठेवा, आधी ब्रेक. दाराच्या कडेला ओल असेल तर डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला असतो. काचेवरून दारात पाणी जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते. तो कागद आणि दाराच्या तळाची भोके त्याला बाहेर काढतात. मागच्या सीटखाली बॅटरी असलेल्या फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांत तिथला गंज पाण्याचा नसून सल्फ्युरिक ॲसिडचाही असू शकतो. तिथे आधी खाण्याच्या सोड्याचे पाणी ओता, फेस येणे थांबेपर्यंत.

कळत नसेल तर एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. बाहेरून नळीने हलके पाणी सोडा, खालून सुरुवात करून वर जा, प्रत्येक जागी पाच मिनिटे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच समजत नाही.

आता पत्रा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दर पाच सेंटिमीटरवर दाबून पाहा. ठणठणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. टोक आत गेले किंवा आवाज बद्द आला तर तो सडला आहे, तिथे कन्व्हर्टर लावणे म्हणजे गंजाला रंग देणे. तेवढा पत्रा कापून त्याच जाडीचा नवा वेल्ड करावा लागतो. कापण्याआधी गाडीखाली वाका : ब्रेकची आणि पेट्रोलची नळी बहुधा त्याच जागेखालून गेलेली असते. फायबरग्लासचे ठिगळ मारू नका. ते ओलावा आत कोंडते आणि वरून सगळे छान दिसत राहते.

पत्रा घट्ट असेल तर आवाज अडवणारे डांबरी थर जिथे सुटले आहेत तिथे काढा. कोरड्या बर्फाने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) ते ठिसूळ होऊन तुटतात, हीट गनने मऊ होऊन पट्टीने उचलता येतात. कोरडा बर्फ वापरताना दारे उघडी ठेवा आणि जाड हातमोजे घाला. काही जुन्या गाड्यांत हीटरजवळच्या थरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते थर कोरडे घासू नका. पापुद्रे तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. ॲसिड ओतू नका : फ्लोअरचे जोड दुपदरी असतात, त्यांत गेलेले ॲसिड बाहेर येत नाही.

कन्व्हर्टरची जागा इथे आहे, घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर. त्यातले टॅनिक ॲसिड गंजाशी जुळून काळा, स्थिर थर बनवते. सुट्या पापुद्र्यांवर ते फक्त वरचा पापुद्रा काळा करते. चमकत्या लोखंडावर त्याला जुळायला काही नसते, त्यामुळे तेथे तो थर नीट धरत नाही. कन्व्हर्टरला २४ तास द्या, मग प्रायमर आणि रंग. जोडांवर नवे सीलर, आणि तळाच्या भोकांची रबरी बुचे परत. कार्पेटखालचा नमदा जुना असेल तर टाकून द्या. हाताला कोरडा लागला तरी मध्यभागी ओल धरून असतो.

प्रश्न : सीटच्या स्प्रिंगा गंजल्या आहेत. इलेक्ट्रोलिसिस करावे का?

उत्तर : स्प्रिंगांना नको. ॲसिड आणि इलेक्ट्रोलिसिस दोन्हींत हायड्रोजन तयार होतो आणि तो कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. स्प्रिंग दिसते छान, बसल्यावर तुटते. तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंग, मग पातळ रंग. जाड रंग वाकताना टवके होऊन निघतो. त्याआधी कॅलिपरने तार मोजा, गंजलेली जागा आणि चांगली जागा. गोल तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो : तार १० टक्के बारीक झाली तर ताठपणा जवळजवळ एक-तृतीयांशाने जातो. एवढी झीज असेल तर ती बदललेलीच बरी, नाहीतर सीट एका बाजूला बसेल.

इलेक्ट्रोलिसिस सीटच्या साध्या नळ्यांच्या सांगाड्याला चालते. लिटरला ५ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, सांगाडा ऋण टोकाला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला. उलटे जोडलेत तर सांगाडाच विरघळेल. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही नको, विषारी क्रोमियमची संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन वायू निघतो. जागा मोकळी हवा, कारण निघणारा हायड्रोजन पेटतो. चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर सुरूच होत नाहीत. ‘काहीच होत नाही’ या तक्रारीचे ते नेहमीचे कारण. शिवाय गंज धन तुकड्यासमोरच्या बाजूनेच नीट निघतो, म्हणून भाग फिरवत राहा.

प्रश्न : डोअर पॅडचे स्क्रू गंजून त्यांची खाच गोल झाली.

उत्तर : खाच गोल होण्याला गंजाइतकाच चुकीचा स्क्रूड्रायव्हर कारणीभूत असतो. फुलीच्या मधे बारीक चार रेघा दिसल्या तर तो पोझिड्रिव्ह, ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकानंतर बराच. त्यात फिलिप्स, म्हणजे साध्या फुलीचा स्क्रूड्रायव्हर, घातला की घसरतो. जपानी गाड्यांच्या स्क्रूंनाही त्यांच्या मापाचा वेगळा बिट लागतो. बऱ्याचदा डोक्यावर एक ठिपका असतो. आधी खाचेतला गंज सुईने काढा, तेल लावून काही तास थांबा, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. पातळ पत्र्यावर मात्र ठोके हलके. ज्योत वापरू नका, आतला फोम आणि कापड पेटते. सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरले तरी पुरते. तेही नाही जमले तर डोके ड्रिलने उडवा, उरलेली दांडी पकडीने फिरते.

प्रश्न : सीट बेल्टच्या बकलवर गंज आहे. कोणते द्रावण सुरक्षित?

उत्तर : कोणतेही नाही. बकलच्या आत स्प्रिंग आणि कडक पोलादाचा खटका असतो आणि तो किती खाल्ला गेला हे बाहेरून दिसत नाही. पट्टा नायलॉनचा असेल तर ॲसिडने कमजोर होतो, पॉलिएस्टरचा असेल तर सोड्याच्या कडक द्रावणाने. पूर्ण संच बदला. पट्टा ज्या बोल्टने पत्र्याला धरलेला असतो तिथला पत्राही स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा.

प्रश्न : सीटच्या कापडावर आणि कार्पेटवर गंजाचे डाग पडलेत. ब्लीच लावले तर अजून गडद झाले.

उत्तर : क्लोरीनचे ब्लीच लोहाचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे गंजच वाढवते. आता भरपूर पाण्याने धुवा, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत. ब्लीच शिल्लक असताना त्यावर ॲसिड पडले तर क्लोरीन वायू निघतो, आणि गाडीचे केबिन म्हणजे बंद खोलीच. पूर्ण सुकल्यावर १० टक्के सायट्रिक ॲसिड कापडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग उतरतो का पाहा. नसेल उतरत तर डागावर टिपा, दहा मिनिटे थांबा, ओल्या फडक्याने उचला, दोन-तीनदा. चामड्यावर हे करू नका. कार्पेट मात्र उचलून बाहेर नेऊनच धुवा, म्हणजे ॲसिड खालच्या फ्लोअरवर झिरपणार नाही.